खोट्या तारखेला आलेला पाहुणा

दाराची कडी वाजली की स्लावोल्युब मितिच आधी खिडकीशी जायचा, मग दाराशी. कोण आलंय ते पडद्याआडून दिसलं तरी दार उघडेलच याची खात्री नाही. पोस्टमन नवा असला तर त्याला फाटकाबाहेर उभा करून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, त्याच्या बोलण्याच्या हेलावरून हा मूळचा कुठला ते ताडायचं, आणि मगच पाकीट हातात घ्यायचं, ही त्याची रीत. माणसाचे कपडे खोटं बोलतात, ओळखपत्र खोटं बोलतं, पण हेल खोटं बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. आणि एकदा मत बनलं की स्लावोल्युब ते बदलायच्या भानगडीत पडत नसे.

हा संशय त्याने जन्मापासून आणलेला नव्हता. उभी हयात त्याने मालवाहू लॉरी चालवली; त्रिएस्ते, म्युनिक, इस्तंबूल, थेट बगदादपर्यंत. डिझेल चोरायला कोणी आलं तर कळावं म्हणून टाकीच्या बाजूला डोकं करून झोपायची सवय त्या काळातली. तरुणपणी इटलीतल्या एका थांब्यावर गोड बोस्नियन हेलात बोलणाऱ्या एका भल्या गृहस्थाने त्याला कॉफी पाजली. दोघं आपापल्या आयांच्या स्वयंपाकाबद्दल बोलत बसले. कॉफी संपवून स्लावोल्युब परतला तेव्हा लॉरी जागेवर होती आणि मागे भरलेले चामडी बूट सगळेच्या सगळे गेले होते. कंपनीने त्याला दोष दिला नाही, पण त्याने स्वतःला जो दिला तो आयुष्यभर पुरला.

तेव्हापासून देशातल्या सगळ्या हेलांची त्याने मनात उतरंड लावून ठेवली. सगळ्यात वर दक्षिण सर्बियातल्या आमच्या लेस्कोवात्सची बोली. बेलग्रेडवाले विनोद सांगताना मूर्खाच्या तोंडी हीच बोली घालतात, पण स्लावोल्युबच्या मते तिच्यात लबाडीला जागाच नाही. त्याखाली पिरोतची, मग निशची. उत्तरेकडचे मैदानातले लोक इतके सावकाश बोलतात की तेवढ्या वेळात नक्की काहीतरी रचत असणार. बोस्नियन हेल कानाला सगळ्यात गोड, म्हणून तो तळाशी. बेलग्रेडचा त्याने उतरंडीत धरलाच नव्हता.

राहायच्या जागांचंही तसंच. पहिली पसंती लॉरीची केबिन. कंपनी बुडाली तेव्हा त्याने आपली जुनी निळी लॉरी घरी आणली. ती अंगणात विटांवर बसली होती, चाकं केव्हाच गेली होती. दुसरी पसंती त्या लॉरीमागचं वेतेर्नित्सा नदीकाठचं घर. तिसरी पसंती नव्हतीच. त्याची मुलगी गोर्दाना उत्तरेत नोवी सादला राहायची आणि तिने त्याच्यासाठी एक खोली तयार ठेवली होती. चौथा मजला, लिफ्ट, गरम पाण्याचे नळ. बायको ल्युबिंका गेल्यापासून ती दर फोनला या खोलीचा विषय काढायची. स्लावोल्युबला दाट शंका होती की जावयाचा डोळा घरावर आहे. खरं तर गोर्दानाला एवढीच भीती होती की बाप बर्फावर घसरून पडेल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. पण तिच्या बोलण्यात आता उत्तरेचा संथपणा आला होता, आणि तो ऐकला की तो फोन लवकर ठेवायचा.

खेळ मात्र त्याला एकच आवडायचा, कारण दुसरा त्याने पाहिलाच नव्हता. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यावर लॉरी चालवायचा खेळ लावून दिला. हा काय पोरखेळ, म्हणून त्याने आधी नाक मुरडलं. मग पडद्यावर त्रिएस्तेच्या वरचा चढ आला आणि जिथे तो खराखुरा गिअर बदलायचा तिथेच त्याचा हात आपोआप हलला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातून वायर ओढली, कॉम्प्युटर लॉरीच्या केबिनमध्ये नेला आणि पडदा समोरच्या काचेशी बसवला. पडद्यावरच्या कॅमेऱ्यावर जखमेची चिकटपट्टी लावली, कारण तिकडून कोण बघत असेल सांगता येत नाही. दुपारचं जेवण झालं की कोट, टोपी घालून, कानाला हेडफोन लावून तो केबिनमध्ये चढायचा. चढला की चार वाजेपर्यंत लेस्कोवात्समध्ये नसायचा.

या खेळात चालकांना तांडा करून एकत्र जाता येतं आणि बोलता येतं. पुष्कळ दिवस तो नुसताच ऐकायचा, हेल ओळखायचा आणि प्रत्येकाला उतरंडीत बसवायचा. मग एके दिवशी ऑस्ट्रियाच्या बोगद्यात मागून आवाज आला.

"काका, तुमचा मागला दिवा पेटंना झालाय बगा."

बोली अस्सल लेस्कोवात्सची. इतकी अस्सल की स्लावोल्युबच्या हातून ब्रेक लागला. या माणसाचं नाव नेगोवान. स्वीडनमध्ये ब्रेडच्या कारखान्यात पहाटपाळी करतो आणि दुपारी लॉरी चालवतो, असं त्याने सांगितलं. मूळचा आपल्याच गावचा, असंही म्हणाला. तिथून दोघं रोज बरोबर जायला लागले. नेगोवान पुढे, कारण स्लावोल्युबला कोणी पाठीमागे असलेलं खपत नसे.

गप्पा कसल्या, तर मिरच्या भाजताना अंगणभर पसरणाऱ्या वासाच्या, नदीला आलेल्या पुराच्या, आयांच्या शिव्यांच्या. नेगोवानच्या तोंडून असे शब्द यायचे जे स्लावोल्युबने आईनंतर कोणाकडून ऐकले नव्हते. आणि इथेच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गावातली आजची पोरंसुद्धा अशी बोलत नाहीत. निम्मं टीव्हीचं, निम्मं फोनचं, अशी त्यांची बोली. परदेशात राहणारा माणूस इतकं जुनं, इतकं चोख कसं बोलतो? हे कोणीतरी पाठ करून बोलतंय, असं त्याने ठरवलं.

त्याने परीक्षा घेतली. सहज विचारल्यासारखं विचारलं की पुलापाशी न्याहारी कुठे चांगली मिळते. नेगोवानने लगेच एका ब्रेडच्या भट्टीचं नाव सांगितलं, तिथल्या चीज भरलेल्या पराठ्याची तारीफ केली. ती भट्टी बंद होऊन पिढी उलटली होती. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. स्लावोल्युब हो हो म्हणाला आणि मनात म्हणाला, सापडलास लेका.

मग हा कोण? चोर असेल, तर आधी ओळख वाढवून घर हेरतोय. नगरपालिकेचा माणूस असेल, तर लॉरी हलवायला लावणार. किंवा जावयाने पाठवलेला असेल, गोड बोलून म्हाताऱ्याला नोवी सादला न्यायला. यातलं तिसरं त्याला सगळ्यात जास्त पटायचं. तरी दुपारचं जेवण तो हल्ली घाईघाईने उरकायचा, आणि नेगोवानचा आवाज यायला उशीर झाला तर केबिनमध्ये बसून काचा पुसत राहायचा. ल्युबिंका गेल्यावर घरातलं बोलणंच संपलं होतं. आता रोज दोन तास कोणीतरी त्याला काका म्हणत होतं, आणि त्याला ते फार आवडत होतं. आवडत होतं म्हणूनच तो जास्त सावध होता. बोस्नियन गृहस्थाची कॉफीही त्याला आवडलीच होती.

शरद ऋतूत एकदा हॅम्बर्गच्या रस्त्यावर नेगोवानने विचारलं, "काका, तुमचा स्लावा कंचा?"

आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येतो, आणि त्याचा दिवस म्हणजे त्या घरचा स्लावा. त्या दिवशी कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला तारीख माहीत आहे त्याने जायचं, आणि आलेल्याला आत घ्यायचं, मग तो कोणीही असो. म्हणजे तारीख सांगणं हे दाराची किल्ली देण्यासारखंच. स्लावोल्युबचा संत देवदूत मिखाइलो, नोव्हेंबरची एकवीस. त्याने एक क्षण विचार केला आणि सांगून टाकलं, "निकोल्यदान. डिसेंबरची एकोणीस."

निम्म्या सर्बियाचा संत निकोला आहे. त्या गर्दीत लपणं सोपं, असा त्याचा हिशेब. पण केबिनमधून उतरताना त्याला ते टोचायला लागलं. वय, पगार, बायकोचं माहेर, यांबद्दल माणूस खोटं बोलतो. कुळाच्या संताबद्दल कोणी खोटं बोलत नाही. बाप जिवंत असता तर त्याने थोबाडीत दिली असती. भिंतीवरच्या मिखाइलोच्या तसबिरीकडे त्या संध्याकाळी त्याने बघितलंच नाही.

एकवीस नोव्हेंबरला गोर्दाना नवऱ्याबरोबर आली, एक चुलतभाऊ आला, आणि भाजलेलं डुक्कर निम्म्याहून जास्त उरलं. एके काळी या घरात खुर्च्या पुरायच्या नाहीत. पण कोणाकडे संशयाने बघितलं तर कोण येतं? शेजारचा तिहोमिर तर नगरपालिकेची नोटीस आल्यापासून आला नव्हता. अंगणातली लॉरी हटवा, अशी ती नोटीस. ती पुढे बारगळली, पण तक्रार तिहोमिरनेच केली असं स्लावोल्युबने ठरवलं, आणि दोघांच्या बायका कुंपणावरून एकमेकींना वाटीभर साखर देत आल्या होत्या तेही थांबलं. तिहोमिरच्या घरचा स्लावा निकोल्यदानचा. तेव्हापासून स्लावोल्युबही त्याच्या उंबऱ्यावर चढला नव्हता. एकवीसला केबिनमध्ये का नव्हतो, तर वीज गेली होती, असं नेगोवानला त्याने नंतर सांगितलं. नेगोवानने जास्त विचारलं नाही, आणि हेही स्लावोल्युबला खटकलं.

एकोणीस डिसेंबर उजाडला. रस्त्यात चिखल आणि अर्धवट वितळलेला बर्फ. गल्लीत चार-पाच घरी निकोल्यदान. बाटल्या, फुलं, कॉफीचे पुडे घेतलेले पाहुणे इकडून तिकडे चाललेले. स्लावोल्युब सवयीप्रमाणे पडद्याआड उभा राहून तिहोमिरकडे कोण कोण जातंय ते बघत होता. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबला. पन्नाशीचा, नवाकोरा काळा कोट, हातात वाइनची बाटली, काखेत गुलदाउदीची फुलं. त्याने एका पोराला काहीतरी विचारलं, पोराने बोट केलं, आणि तो सरळ स्लावोल्युबच्या फाटकाशी आला.

निळी लॉरी बघून त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. फाटक उघडून तो आत आला आणि लॉरीच्या दारावर तळहात ठेवून क्षणभर उभा राहिला, जसं कोणी बैलाच्या पाठीवर ठेवतं. मग घराकडे वळून म्हणाला, "यजमान, हायसा का घरात?"

आवाज ऐकताच स्लावोल्युब भिंतीला चिकटला. घरात मेणबत्ती नाही, पूजेचा ब्रेड नाही, गोड शिजवलेले गहू नाहीत. टेबलावर कालच्या घेवड्याचं पातेलं. आणि याने घर शोधलं कसं? निळ्या लॉरीची बढाई आपणच मारली होती, हे आठवून त्याने जीभ चावली. नेगोवानने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, आवाज जरा खाली करून. स्लावोल्युब हलला नाही. शेवटी तो माणूस फाटकाबाहेर गेला आणि बाटली या हातातून त्या हातात करत रस्त्यात उभा राहिला.

तिहोमिर तेव्हा कोणा पाहुण्याला निरोप द्यायला बाहेर आला होता. त्याने परक्या माणसाच्या हातातली फुलं बघितली, मग स्लावोल्युबच्या खिडकीकडे बघितलं. पडदा हलला असावा. तिहोमिर एवढंच म्हणाला, "पाहुणं, थंडीत हुबं ऱ्हाऊ नगा. आमच्यात बी स्लावा हाय, आत या." आणि खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेला.

स्लावोल्युब पडदा सोडून मागे सरला. तिहोमिर सांगणार. भर टेबलावर सांगणार, की त्या माणसाचा स्लावा गेल्या महिन्यात झाला, त्याने तुला बनवलं. का नाही सांगणार? त्याच्या जागी आपण असतो तर सांगितलं असतं. आणि मग उद्या दुपारी केबिनमध्ये चढल्यावर कानात नुसती इंजिनाची घरघर. स्लावोल्युबला पहिल्यांदाच चोराची, नगरपालिकेची, जावयाची, कोणाचीच भीती वाटली नाही. वाटली ती एवढीच, की तो आवाज जाईल. त्याने धुतलेला शर्ट चढवला, कपाटातली राकिया, प्लमची घरगुती दारू, घेतली आणि शेजारचं फाटक ढकललं.

दारात तिहोमिर उभा होता. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. दोघं समोरासमोर आले. आज या घरातून कोणाला हाकलता येत नाही हे दोघांनाही माहीत होतं, आणि स्लावोल्युबला त्याचीच लाज वाटली.

"सणाच्या शुभेच्छा, यजमान," तो म्हणाला.

तिहोमिरने बाटली घेतली. "तुलाबी. बूट ऱ्हाऊ दे, आत ये."

तिहोमिरच्या बायकोने, दोब्रिलाने, गोड गव्हांचं ताट पुढे केलं. भावोजी, वाळलात, एवढंच ती म्हणाली. त्याने छातीवर क्रूस काढला, चमचाभर गहू तोंडात टाकले आणि ते गिळता गिळता त्याचे डोळे खोलीभर फिरले. नाताळाआधीच्या उपासाचं, मांस वर्ज्य असलेलं टेबल भरलेलं होतं; तळलेला मासा, भाजलेला घेवडा, मिरच्या. एका टोकाला नेगोवान बसला होता, खुर्चीच्या अगदी कडेवर, परक्या घरी बसतात तसा. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

दोब्रिला त्याला तिथे बसवताना हळूच बोलली. पाहुणे तुमचीच चौकशी करत होते, तर आमच्या ह्यांनी सांगितलं, बसा, तो येईलच. याहून जास्त कोणी काही बोललेलं नव्हतं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना स्लावोल्युबचा संत कोण ते ठाऊक होतं, आणि सगळे माशाचे काटे काढण्यात गुंतले होते. तिहोमिर वाइन ओतत होता आणि मान वर करत नव्हता. याने आपलं झाकून ठेवलं, हे स्लावोल्युबला कळलं. नगरपालिकेकडची ती तक्रारही याची नसावी, असं तेव्हाच वाटून गेलं, पण ते मान्य करायला अजून थोडा वेळ लागणार होता.

"मीच त्यो," तो नेगोवानला म्हणाला.

नेगोवान आवाजासरशी वळला. तोंडभर हसला आणि मग बशीतला मासा उगाच इकडचा तिकडे करत बसला. कानात रोज बोलणारा माणूस शेजारी बसला की असंच होतं. स्लावोल्युबला वाटलं, आता हात मिळवावा, राकिया ओतावी, दिवस निभावून न्यावा. तिहोमिर झाकतोय, मग आपण कशाला उघडायचं? पण समोर मेणबत्ती जळत होती.

"मी खोटं बोल्लो तुज्याशी," तो म्हणाला. "आज माजा स्लावा न्हाई. माजा संत मिखाइलो. वीज गेलीया म्हनलो नव्हं, त्या दिशी हुता."

"का खोटं बोल्लासा?"

"तुजा इस्वास न्हवता. बोलतुयास म्हाताऱ्यावानी, बंद पडल्याली भट्टी सांगतुयास. म्हनलं, ह्यो कोन तरी सोंग करतुया."

नेगोवानने फुलांची कागदी गुंडाळी सरळ केली. आई त्याला सात वर्षांचा असताना स्वीडनला घेऊन गेली, असं त्याने सांगितलं. बाप कोण ते तिने कधी सांगितलं नाही, म्हणून कुळाचा संतही नाही. ही बोली तो फक्त तिच्याशी बोलला आणि ती गेल्यावर कोणाशीच नाही. भट्टी बंद पडल्याचं त्याला आज सकाळी पुलावर कळलं.

"आनि निकोल्यदान खोटा हाय ते मला ठावं हुतं, काका. तुमी एकदा म्हनला, आमच्या स्लावाला डुक्कर भाजत्यात. ह्यो तर उपासाचा म्हयना. आज कोन डुक्कर भाजतंय?"

स्लावोल्युबने विचारलं, "ठावं हुतं, मग आलास कशापायी?"

"जायाला दुसरी तारीखच न्हवती," नेगोवान म्हणाला. "खोटी का हुईना, पर मला कुनी तारीख तर सांगितली."

दोब्रिलाने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि उगाच आणखी ब्रेड आणायला आत गेली. स्लावोल्युब नेगोवानच्या नव्या कोटाकडे बघत राहिला. आज सकाळी आपण पडद्याआड उभे होतो आणि या माणसाने तीन वेळा हाक मारली, हे त्याला आता सहन होईना.

स्लावाला या असं म्हणायची आमच्यात रीत नाही, म्हणून तो तसं म्हणाला नाही.

"नोव्हेंबरची एकवीस," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिहोमिरकडे वळून त्याने तीच तारीख पुन्हा सांगितली, जरी तिहोमिरला ती लहानपणापासून पाठ होती.